अवतरण आणि स्वयंचलित थ्रॉटल

प्रवासी जेट विमान धावपट्टीवर उतरवताना वैमानिकाला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात : विमानाचा मार्ग आणि विमानाचा वेग. मार्ग साधारणपणे क्षितिजाशी ३ अंशांचा कोन करून धावपट्टीकडे उतरतो. म्हणजे प्रत्येक सागरी मैलामागे विमान सुमारे ३०० फूट खाली येते. वेग किती असावा, हे विमानाचे त्या वेळचे वजन आणि पंखांच्या झडपांची स्थिती यांवरून आधीच काढून ठेवलेले असते. अडचण अशी, की या दोन गोष्टी परस्परांपासून अलग नाहीत. नाक उचलले तर उतार मंदावतो, पण वेगही घटतो. नाक खाली केले तर वेग वाढतो, पण उतारही तीव्र होतो. दोन्ही राखायचे तर इंजिनांचा रेटा सतत थोडाथोडा कमीजास्त करणे भाग असते. हे काम ज्या दांड्यांनी केले जाते त्यांस थ्रॉटल म्हणतात.

या शब्दाचे मूळ मोठे मनोरंजक आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ गळा दाबणे असा होतो. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या नळीच्या कंठाशी एक पडदा असे. तो कमीजास्त उघडून इंजिनाची शक्ती बदलली जाई. जेट इंजिनात असा कंठही नाही आणि पडदाही नाही. तेथे दांडी सरकवली की इंधनाचे प्रमाण बदलते. तरीही जुने नाव टिकून राहिले, आणि मराठीत नवा प्रतिशब्द घडवण्यापेक्षा तेच वापरणे आम्हांस सोयीचे वाटते.

जेट इंजिनाचा आणखी एक स्वभाव येथे ध्यानात घ्यावयास हवा. मंद फिरणारे इंजिन दांडी पुढे लोटताच पूर्ण रेटा देत नाही. त्याच्या जड चक्रांना गती घेण्यास काही सेकंद लागतात, आणि उतरणे रद्द करून पुन्हा वर चढण्यापुरता रेटा दांडी हलवल्यापासून ८ सेकंदांत मिळेल हे गृहीत धरूनच विमानाची क्षमता मोजली जाते. जमिनीपासून १०० फुटांवर ८ सेकंद हा फार मोठा काळ आहे. त्यात भर म्हणजे, वेग एका मर्यादेखाली गेला की हवेचा विरोध कमी होण्याऐवजी वाढू लागतो. संथ झालेले विमान आणखी संथ होत जाते.

वेग राखण्याचे हे कंटाळवाणे परंतु जोखमीचे काम यंत्राकडे सोपवावे, हा विचार स्वयंचलित अवतरणाच्या प्रयोगांबरोबरच पुढे आला. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून लंडनला आलेल्या एका ट्रायडंट विमानाने प्रवाशांना घेऊन केलेल्या नियमित फेरीत जमिनीला टेकण्यापूर्वीची नाक उचलण्याची क्रिया प्रथमच आपोआप पार पाडली. आजच्या विमानांत स्वयंचलित थ्रॉटल नेमून दिलेला वेग मोजतो, तुटवडा दिसला की रेटा वाढवतो, आणि बोइंग ७७७ सारख्या विमानात जमिनीपासून सुमारे २५ फुटांवर दांड्या स्वतःच मागे खेचून इंजिने मंद करतो.

हे सारे ऐकून वाचकाला वाटेल, की मग यंत्र चालू ठेवावे हे उत्तम. परंतु विमाननिर्मात्यांत याविषयी एकवाक्यता नाही. बोइंग ७३७ चा वैमानिक जेव्हा सुकाणू स्वतःच्या हाती घेतो, तेव्हा थ्रॉटलही स्वतःच्याच हाती घ्यावा, अशी निर्मात्याची शिफारस आहे. या विमानाची इंजिने पंखांखाली असल्याने रेटा वाढला की नाक वर उचलले जाते. मार्ग मनुष्य राखत असेल आणि रेटा यंत्र बदलत असेल, तर दोघे एकमेकांविरुद्ध खेळू लागतात. ७७७ मध्ये विद्युत्-नियंत्रण प्रणाली रेट्यामुळे होणारा हा बदल स्वतःच भरून काढते, म्हणून तेथे हाताने उतरवतानाही स्वयंचलित थ्रॉटल चालू ठेवण्यास सांगितले जाते. एअरबस ए-३२० मध्ये तर निराळाच प्रकार आहे. स्वयंचलित रेटा चालू असताना तिथल्या दांड्या एका खाचेत स्थिर राहतात. इंजिने कमीजास्त होत असली तरी दांड्या हलत नाहीत. टेकण्यापूर्वी सुमारे २० फुटांवर यंत्र तोंडी सूचना देते आणि वैमानिकाने दांड्या मागे ओढायच्या असतात.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण आहे महत्त्वाचा. बोइंगच्या वैमानिकाने दांड्यांवर हात ठेवला असेल तर यंत्र काय करते आहे हे त्याला तळहातातून कळते. एअरबसच्या वैमानिकाला ते डोळ्यांनी वाचावे लागते. यांपैकी कोणती पद्धत श्रेष्ठ याचा वाद पुष्कळ झाला आहे. तथापि पुढे दिलेल्या तीन घटना पाहता केवळ दांड्या हलण्यावर विसंबणेही पुरेसे नाही, असेच म्हणावे लागते.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान बंगलोरला उतरत होते. रेट्याची पद्धत अशी निवडली गेली होती, की इंजिने मंदच राहावीत आणि वेग नाकाच्या कोनावरून राखला जावा. उंचावरून खाली येताना ही पद्धत योग्य असते, धावपट्टीजवळ नसते. दांड्या नेहमीच्या खाचेत होत्या, इंजिने मात्र मंद होती. अपेक्षित वेग ताशी १३२ सागरी मैल होता. तो १०६ पर्यंत घसरला. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ जणांपैकी ९२ मृत्यू पावले.

२५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲम्स्टरडॅमजवळ पडलेल्या तुर्कस्तानच्या ७३७ विमानात बिघाड यंत्राचाच होता. डावा रेडिओ उंचीमापक सुमारे १९५० फुटांवर असताना एकाएकी उणे ८ फूट दाखवू लागला. स्वयंचलित थ्रॉटल त्याच मापकावर अवलंबून असल्याने विमान टेकण्याच्या बेतात आहे असे समजून त्याने इंजिने मंद केली. दुर्दैव असे, की विमान उतरणमार्गाच्या वरून खाली यायचे होते आणि मंद इंजिने त्या क्षणी स्वाभाविकच वाटली. धोक्याचा इशारा मिळताच दांड्या पुढे लोटल्या गेल्या, परंतु चालूच राहिलेल्या यंत्राने त्या पुन्हा मागे ओढल्या. ९ जण दगावले.

तिसरी घटना ६ जुलै २०१३ ची, सॅन फ्रान्सिस्को येथील. दक्षिण कोरियाच्या एशियाना कंपनीच्या ७७७ विमानात ३०७ जण होते. विमान उतरणमार्गाच्या वर राहिले होते. त्याला लवकर खाली आणण्यासाठी वैमानिकाने एक पद्धत निवडली. तिने उलट वर चढण्यासाठी रेटा वाढवला, तेव्हा त्याने दांड्या हाताने मागे ओढल्या. या क्रमाने स्वयंचलित थ्रॉटल एका अशा अवस्थेत गेला, की जीत तो दांड्यांना हातच लावत नाही. अन्य अवस्थांत वेग फार घटला तर तो आपणहून जागा होतो. या एका अवस्थेत होत नाही. वैमानिकाची समजूत होती की वेग यंत्र सांभाळील. १३७ ऐवजी वेग १०३ पर्यंत उतरला, विमान धावपट्टीपुढील समुद्रभिंतीवर आपटले, आणि ३ प्रवासी मरण पावले. या वैमानिकाला विमानोड्डाणाचा दीर्घ अनुभव होता. ७७७ चा मात्र ५० तासांहूनही कमी. उड्डाण हाताने करण्याचा सराव राखावा, असा सल्ला अमेरिकेच्या विमान प्रशासनाने त्याच वर्षीच्या जानेवारीत दिला होता.

अशा सरावाची जागा म्हणजे सिम्युलेटर, अर्थात उड्डाणाचा आभास निर्माण करणारे यंत्र. त्याचा आद्य निर्माता एडविन लिंक हा अमेरिकेतील पियानो व ऑर्गन बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. १९२९ मध्ये त्याने वाद्याच्या भात्यांवर डोलणारी लाकडी कोठडी तयार केली. आजची कोठडी सहा यांत्रिक पायांवर झुकते व हलते, तिच्यातील साधने हुबेहूब असतात, आणि अनुभवी वैमानिकाला नव्या प्रकारच्या विमानाचे शिक्षण संपूर्णपणे तिच्यातच देता येते.

शिक्षकाने सिम्युलेटरात मुद्दाम घडवून आणाव्यात अशा गोष्टी वरच्या तीन घटनांतूनच निघतात. उंचीमापक खोटा करावा. विद्यार्थ्याला न सांगता थ्रॉटल झोपलेल्या अवस्थेत जाऊ द्यावा आणि वेगदर्शकाकडे त्याची नजर किती सेकंदांनी जाते ते मोजावे. एअरबसच्या विद्यार्थ्याकडून एक कृती हमखास करवून घ्यावी : स्वयंचलित रेटा बंद करण्यापूर्वी दांड्या इंजिनांच्या प्रत्यक्ष रेट्याशी जुळवून घेणे. त्या खाचेतच ठेवून बटण दाबले, तर इंजिने दांड्यांच्या स्थितीप्रमाणे चढणीचा रेटा देऊ लागतात आणि उतरणारे विमान उसळते. घरच्या संगणकावर हौसेने विमान उतरवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. तेथील स्वस्त दांड्या बोइंगच्या दांड्यांप्रमाणे आपोआप हलत नाहीत, त्यामुळे पडद्यावरचे विमान आणि हातातली दांडी यांची फारकत होते.

वाऱ्याचा हिशेबही येथेच शिकवावा. बोइंगच्या पद्धतीत थ्रॉटल स्वयंचलित असेल तर मूळ वेगात ५ सागरी मैल मिळवणे पुरते, कारण झोताला यंत्र तत्परतेने उत्तर देते. हाताने चालवताना समोरच्या स्थिर वाऱ्याचा निम्मा आणि झोताचा पूर्ण भाग, ठरावीक मर्यादेपर्यंत, मिळवावा लागतो. अवतरणाच्या मध्येच यंत्र बंद केले तर कोणता आकडा धरायचा, हे आधी ठरवलेले बरे.

सिम्युलेटरला त्याच्या मर्यादा आहेत. हवेवरची पकड सुटून उचल ढासळल्यावर विमान नेमके कसे वागेल, हे बहुतेक यंत्रांच्या गणितात विश्वासार्ह रीतीने भरलेलेच नव्हते. कारण ती माहिती त्या मर्यादेपर्यंतच्या उड्डाणचाचण्यांवर आधारलेली असे. अमेरिकेत मार्च २०१९ पासून विमानकंपन्यांच्या वैमानिकांना पूर्ण स्टॉलचे शिक्षण सिम्युलेटरात देणे बंधनकारक झाले, आणि त्यासाठी जुन्या यंत्रांचे गणित नव्याने भरून घ्यावे लागले.