गोगलगाय आणि पोटात जिना

पादुआ विद्यापीठात शरीररचना शिकवणाऱ्या गॅब्रिएल फॅलोपिओने १५६१ साली व्हेनिसमध्ये आपली निरीक्षणे छापली. स्त्रीच्या गर्भनलिकांना जगभर त्याचेच नाव आहे, पण कानातही तो खोलवर उतरला होता. कवटीतल्या अत्यंत कठीण हाडाच्या आत त्याला वेटोळे घेत गेलेली एक पोकळी दिसली. तिला त्याने नाव दिले ‘कॉक्लिया’. लॅटिनमध्ये याचा अर्थ गोगलगाय, किंवा तिचा शंख. हा शब्द ग्रीकमधून आलेला. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस पाणी वर चढवणाऱ्या मळसूत्री यंत्रालाही हेच नाव देतो. आपल्या शाळेच्या पुस्तकात कानातल्या या पोकळीला ‘कर्णावर्त’ म्हणतात. आवर्त म्हणजे भोवरा, म्हणजे मराठीनेही नेमके ते वळणच पकडले.

आतल्या भागांची नावे वाचताना तर एखाद्या वाड्यात शिरल्यासारखे वाटते. आधी देवडी, म्हणजे व्हेस्टिब्यूल. तिला एक लंबगोल खिडकी. तिच्यावर रिकिबीच्या आकाराचे इवलेसे हाड थाप देते. मग दोन जिने: ‘स्काला’ या लॅटिन शब्दाचा अर्थच जिना. देवडीच्या जिन्यातला द्रव शंखाच्या टोकाशी पडद्याच्या जिन्यातल्या द्रवाला मिळतो आणि हा दुसरा जिना खाली गोल खिडकीशी संपतो. द्रव दाबला जात नाही. म्हणून एक खिडकी आत ढकलली गेली की दुसरी बाहेर फुगते.

या जिन्यांमध्ये एक लवचिक पट्टी ताणलेली असते आणि खरे नवल तिथे आहे. शंख टोकाकडे अरुंद होत जातो, पट्टी मात्र टोकाकडे रुंद आणि सैल होत जाते! बुंध्याशी ती अरुंद, ताठ. तिथे बारीक, उंच स्वर थरथरतात. खर्जाची लाट अडीच वेढे चढून टोकापाशी पोहोचते. उलगडली तर सारी लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, आणि तेवढ्यात माणसाला ऐकू येणारे सगळे स्वर क्रमाने मांडलेले. पट्टीवरच्या सुमारे पंधरा हजार केसपेशी त्या थरथरीचे विद्युतसंदेश करून मेंदूकडे धाडतात.

फॅलोपिओला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने फक्त आकार पाहिला. पट्टीवरून लाट कशी धावते हे जॉर्ज फॉन बेकेशीने मृतांच्या कानांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यासाठी त्याला नोबेल मिळाले १९६१ साली, नामकरणानंतर बरोबर चारशे वर्षांनी. तोवर हे वेटोळे सस्तन प्राण्यांचेच वैशिष्ट्य आहे, हेही कळून चुकले होते. पक्ष्यांच्या कानात ही नळी जवळजवळ सरळ, किंचित वाकलेली असते.

जन्मतःच कॉक्लिया पूर्ण वाढलेली असते, म्हणून बहिऱ्या बाळाला ऐकू यावे यासाठी कानात बसवतात त्या यंत्राची, कॉक्लियर इम्प्लांटची, तान्हेपणी बसवलेली तार पुढेही त्या वेढ्यांत आखूड पडत नाही. ही तार सहसा पडद्याच्या जिन्यातून आत सरकवतात. केसपेशी मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि बोलणे शिकण्याची वर्षे तर भराभर निघून जातात. बाळ आवाजाला दचकत नसेल, हाकेला वळत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका. त्याची श्रवणतपासणी लगेच करून घ्या.