मालगुजाराचा वाडा, मंगळुरी कवेलू

नरखेड तालुक्यात एखाद्या जुन्या वाड्याबद्दल विचारलं की बहुधा एकच उत्तर येतं : 'इंग्रजांच्या जमान्यातलं घर आहे.' जमाना खरा असेल, पण घर इंग्रजी वळणाचं नाही. पुढे ढेलज, मग ओसरी, आत माजघर, मागे गुरांचा कोठा आणि बंड्या सोडायला ऐसपैस अंगण, ही मांडणी इथल्या शेतीतून आलेली आहे.

इंग्रजांशी या वाड्याचा संबंध आहे तो साऱ्यापुरता. 1854 साली त्यांनी नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा केलं. पुढे 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात, गावाचा सारा भरणाऱ्यांना गावाची मालकी दिली. हेच मालगुजार. सारा गोळा करायचा, सरकारात भरायचा, ठरलेला हिस्सा ठेवायचा. त्यासाठी गाव ढेलजेत येई. वर्धा नदी ओलांडून वरुडकडे गेलं की वऱ्हाड सुरू होतं. तिथल्या बहुतेक गावांत सरकार शेतकऱ्याकडूनच सारा घेई. त्यामुळे 'मालगुजाराचा वाडा' ही नदीच्या अलीकडची ओळख. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि वाड्यांच्या डागडुजीचा आधारही गेला.

'इंग्रजी कवेलू' या नावानेही फसगत होते. कुंभाराच्या गोल गावठी कवेलूपासून वेगळं ओळखण्यासाठी चपट्या, एकमेकांत अडकणाऱ्या कवेलूला लोक हे नाव देतात. हे कवेलू मुळात मंगळूरचं. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन माणसाने 1865 साली तिथे कारखाना काढला, आणि खाचा असलेल्या अशा कवेलूची युक्ती त्याच्याही आधी, 1841 मध्ये, फ्रान्समधल्या जिलार्दोनी बंधूंनी काढली होती.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज मातीबद्दलचा आहे. मातीचं घर कच्चं, सिमेंट लावलं की पक्कं, असं लोक मानतात. जुन्या माणसांनी भिंतीसाठी शेतातली काळी माती वापरली नाही, कारण ती ओलीने फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यांनी पांढरी घेतली, तिच्यात कुटार कालवून गारा मुरवला आणि दगडी जोत्यावर दीड-दोन हात रुंद भिंत चढवली. वैशाखातलं ऊन एवढ्या भिंतीतून आत यायला तासन् तास लागतात, तोवर सांज झालेली असते. ज्यांनी स्लॅबच्या घरात मे महिन्यातली रात्र काढली आहे, त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

अशी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि अंगातून ती उडवूनही देते. वर सिमेंटचा गिलावा बसला की ओलीची वाट बंद होते. ती आतच साठते, पायथ्याची माती सैल पडते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत एखाद्या पावसाळ्यात बसते. मग दोष मातीला लागतो.

या तालुक्यात मातीच्या घराची भीती उगीच नाही, हेही मान्य केलं पाहिजे. 30 जुलै 1991 रोजी वर्धेच्या पुराने मोवाड उद्ध्वस्त केलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. पायथ्याशी पाणी थांबलं तर मातीची भिंत टिकत नाही. त्यामुळे पुराच्या पट्ट्यात मातीचं घर नकोच. मात्र उंच जोत्यावरचं, वळचण पुढे काढलेलं घर वरून पडणाऱ्या पावसाला पुरून उरतं, ते पिढ्यांनी पाहिलं आहे.

तुमच्या घरी असा वाडा असेल तर मृगाआधी कवेलू फेरून घ्या, फुटलेली बदला, वळचणीचं पाणी जोत्यापासून दूर काढा. भिंतीला मातीचं लिंपण किंवा चुन्याचा गिलावा द्या. सिमेंटची गोणी मात्र त्या भिंतीजवळ नेऊ नका.