फ्यूल मॉड्यूल विकायच्या आधी गाडीची चेन बघा

ज्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे किंवा ॲक्सेसरीजचं दुकान आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय. हिमालयन, ड्यूक, इंटरसेप्टर अशा गाड्या घेऊन येणारं गिऱ्हाईक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतं: "ते फ्यूलचं मॉड्यूल बसवून देता का? पिकअप वाढतो म्हणे." व्हिडिओत या प्रश्नाला पाच-सात मिनिटंच देता आली. मॉड्यूल आतून नेमकं काय करतं आणि त्यात तुमचे पैसे कुठे अडकतात, ते इथे नीट लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. मॉड्यूल जरूर विका, पण "पॉवर" विकू नका. गिऱ्हाइकाची एक ठरावीक तक्रार घालवून द्यायचे पैसे घ्या. या दोन गोष्टींत किती फरक आहे ते पुढे आकड्यांतच दिसेल.

कार्बोरेटरच्या काळात हे काम आपल्या हातात होतं. सुईची क्लिप एक घर खाली घेतली, स्क्रू पाव फेरा फिरवला, की पेट्रोल थोडं जास्त जायचं आणि गाडी हलकी वाटायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला. आता इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ईसीयू ठरवतो. थ्रॉटल किती उघडलाय, आत येणारी हवा किती गरम आहे, तिचा दाब किती, इंजिन किती तापलंय, हे सगळं तो सेन्सरकडून विचारून घेतो. शेवटी सायलेन्सरच्या पाइपात बसलेला ओ-टू सेन्सर त्याला सांगतो की जळून बाहेर आलेल्या वायूत ऑक्सिजन उरलाय की नाही.

हा ओ-टू सेन्सर म्हणजे गोष्टीचा कळीचा मुद्दा. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला एक ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणाच्या आसपास नीट काम करतो, म्हणून एका वेगात शांत चालताना ईसीयू मिश्रण सतत तिथे खेचत राहतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. प्रदूषणासाठी हे बरोबर आहे. पण इंजिनला सगळ्यात जास्त ताकद साधारण साडेबारा-तेराला मिळते, आणि हळू चालताना किंचित रिच मिश्रण इंजिनला मऊ वाटतं. म्हणून ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरला हलकेच ॲक्सिलरेटर दिला-सोडला की काही गाड्या झटके देतात आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. थ्रॉटल जोरात पिळला की ईसीयू ओ-टू सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि आपल्या पाठ केलेल्या तक्त्यावर चालतो. ते ओपन लूप.

आता बाजारातल्या डब्या बघू. दिसायला सारख्या, काम वेगळं.

पहिला प्रकार हवेच्या तापमानाच्या सेन्सरला फसवणारा. डेन्मार्कचा बूस्टरप्लग याच तत्त्वावर चालतो. हवा आहे त्यापेक्षा साधारण वीस अंश थंड आहे असं ईसीयूला सांगायचं. थंड हवा दाट, म्हणून ईसीयू सहा-सात टक्के पेट्रोल जास्त सोडतो. बसवायला दहा-पंधरा मिनिटं, वायर कापायची नाही. पण एक लक्षात घ्या. क्लोज्ड लूपमध्ये ओ-टू सेन्सर ही चोरी पकडतो आणि ईसीयू जास्तीचं पेट्रोल परत कमी करतो. फायदा जाणवतो तो थ्रॉटल उघडताना आणि इंजिन थंड असताना. याच कल्पनेवर दोनशे रुपयांचा नुसता रेझिस्टरही ऑनलाइन "चिप" म्हणून मिळतो. तो ऋतू बघत नाही, उन्हाळा-हिवाळा एकच थाप मारतो. दुकानात ठेवूच नका.

दुसरा प्रकार इंजेक्टर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि इंजेक्टरचा वेळ स्वतः बदलतो. अमेरिकेच्या डायनोजेटचा पॉवर कमांडर या जातीतला चांगलाच ओळखीचा. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक आणखी पुढे जाऊन स्पार्कची वेळही बदलतो. इथे आरपीएम आणि थ्रॉटलप्रमाणे वेगवेगळे आकडे भरता येतात. म्हणजे फायदा जास्त, आणि चुकीचा मॅप टाकला तर नुकसानही जास्त.

तिसरा प्रकार थ्रॉटल कंट्रोलर. हा फक्त राइड-बाय-वायर गाड्यांना, उदाहरणार्थ २०१७ पासूनची ३९० ड्यूक किंवा हिमालयन ४५०. मूठ वीस टक्के फिरवली तर ईसीयूला चाळीस टक्के सांगायचं, एवढंच याचं काम. पॉवर शून्य वाढते. पूर्ण पिळल्यावर गाडी पूर्वीइतकीच पळते. पण गिऱ्हाइकाला मात्र "गाडी उडते" असं वाटतं. इंटरसेप्टर ६५० सारख्या केबलवाल्या गाडीला हा बसतच नाही, तरी मागणारे येतात.

आणि मायलेज? जास्त पेट्रोल सोडणारी डबी ॲव्हरेज वाढवते असं कोणी सांगितलं, तर त्याला विचारा की जास्तीचं पेट्रोल जातं कुठे. "पॉवर पण, मायलेज पण" लिहिलेलं पाकीट बघितलं की मी पुढचं वाचत नाही.

लडाखला निघालेली मंडळीही विचारतात. उंचीवर हवा विरळ होते हे दाबाच्या सेन्सरमुळे ईसीयूला आधीच कळतं, त्यासाठी मॉड्यूल लागत नाही. ई-२० चा प्रश्न मात्र खरा आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे १४.७ चं गणित साडेतेराच्या आसपास येतं. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू सांभाळून घेतो. पण बीएस-४ च्या जुन्या इंजेक्शन गाड्या ओपन लूपमध्ये आधीपेक्षा लीन चालतात. अशा गाडीची "पिळली की अडखळते" ही तक्रार खरी असू शकते. अर्थात त्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील आधी बघा.

आता धंद्याचं. तक्रार घेऊन आलेल्या गाडीवर पहिल्यांदा तपासणी करा आणि तिचे पैसे वेगळे घ्या. चेन सैल असेल तर गाडी नेमकी तसेच झटके देते जसे लीन मिश्रणाने देते, आणि गिऱ्हाईक त्याला "फ्यूलिंगचा प्रॉब्लेम" म्हणतं. ॲक्सिलरेटर केबलचा प्ले, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर, प्लग, टॅपेट, इंजिन आणि थ्रॉटल बॉडीमधल्या रबरातून हवा ओढते का, बॅटरीचा व्होल्टेज, स्कॅनरवर एरर कोड. पाऊण तासाचं काम आहे. हे न बघता डबी बसवली तर आजार तसाच राहतो आणि आठ दिवसांनी गिऱ्हाईक दारात उभं.

हिशोब मांडू. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका. मॉड्यूल ५,००० ला आणलं, ६,५०० ला दिलं. महिन्यात दहा विकले, नफा १५,०००. त्यातले तीन जण परत आले, प्रत्येकाचे दोन तास गेले. तुमच्या रॅम्पचा तास ३०० रुपयांचा धरला तर १,८०० गेले. एकाने पैसेच परत मागितले, ६,५०० दिले. खोललेला माल सप्लायर घेत नाही. हातात उरले ६,७००, आणि एक माणूस गावभर तुमची तारीफ करत फिरतोय ते वेगळंच.

दुसरी पद्धत. तेच दहा जण, तपासणीचे प्रत्येकी ४००, म्हणजे ४,०००. पाच जणांचं काम चेन-फिल्टर-सर्व्हिसवर भागलं, त्याचं बिल वेगळं झालं. उरलेल्या पाचांना मॉड्यूल बसवलं, नफा ७,५००. एकूण ११,५०० अधिक सर्व्हिसचे पैसे, आणि ज्याला गरज नव्हती त्याला तुम्ही काही विकलं नाही. भांडवलही निम्मंच अडकलं.

बसवून झाल्यावर खात्री करायची एक पद्धत मला फार आवडते. ज्या मॉड्यूलला मॅपचं बटण असतं, ते तुम्ही ठरवा आणि गिऱ्हाइकाला सांगू नका कुठला मॅप चालू आहे. तोच रस्ता, तोच गिअर, तीच तक्रार. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्याला फरक ओळखता आला तर पैसे वसूल. ओळखता आला नाही तर तिथल्या तिथे काढून घ्या. पाच हजार खर्च केल्यावर प्रत्येकालाच गाडी दोन दिवस भारी वाटते, तिसऱ्या दिवसापासून शंका सुरू होते. ती शंका तुमच्या गॅरेजच्या दारातच मिटलेली बरी.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मिश्रण रिच केलं की पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड वाढू शकतो. ओ-टू सेन्सर काढून डमी लावली तर कन्व्हर्टरचंही आयुष्य कमी होऊ शकतं. वॉरंटीतल्या गाडीचा इंजिनचा क्लेम कंपनी नाकारू शकते. म्हणून "शंभर टक्के लीगल आहे साहेब, वॉरंटीला काही होत नाही" हे वाक्य काउंटरवरच्या पोराच्या तोंडून निघता कामा नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकणारा आणि बसवून देणारा, दोघेही जबाबदारीच्या कक्षेत येतात.

बिलाच्या मागे चार ओळी लिहून सही घ्या: गाडीची तक्रार काय होती, तपासणीत काय सापडलं, कुठलं मॉड्यूल कुठल्या मॅपवर बसवलं, आणि वॉरंटी व पीयूसीबद्दल गिऱ्हाइकाला सांगितलं आहे. किलोमीटरचा आकडाही टाका. कपलरवालंच मॉड्यूल घ्या, वायर कापून जोडायची वेळ आली तर ते काम सोडून द्या. डबी सीटखाली उंच जागी, कपलरचं तोंड खाली करून बांधा, नाहीतर जुलैत पाणी शिरतं आणि गाडी बंद पडते ती नेमकी घाटात.