आबाजींचा गोयीचा खेळ

“परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि तू गोळ्या उडवत बसलीस?” मी लेकीवर एवढ्या जोरात ओरडले की झेरॉक्स काढायला आलेल्या काकूसुद्धा दचकल्या. लेक तेव्हा वर्ध्याला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. सुटीत घरी आली की अभ्यास करते, असा आमचा समज. तिनं स्क्रीनवरून नजरही काढली नाही. म्हणाली, “खेळत नाहीये गं आई. खेळ दुरुस्त करतेय.”

खेळ कुणी दुरुस्त करतं का? मला वाटलं, नवीन बहाणा. पण हा बहाणा नव्हता, हे कळायला मला महिना लागला.

सेलू तालुक्यातलं आमचं हिंगणी म्हणजे बोर धरणाच्या वाटेवरचं गाव. २००४ मध्ये घराच्या पुढच्या खोलीत मी टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तासन्‌तास भारनियमन. त्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज एक्सपीसोबत आलेला एक खेळ होता, पिनबॉल. तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. निळसर काळा तिरपा पट, त्यावर चमकणारे दिवे आणि खाली दोन छोट्या दांड्या. स्प्रिंग ओढून गोळी वर सोडायची आणि ती खाली घरंगळत आली की दांडीनं पुन्हा वर हाणायची. डाव्या दांडीला झेडचं बटण, उजवीला तिरप्या रेघेचं. एका डावात तीन गोळ्या. दोन्ही दांड्यांमधून गोळी निसटली की गेली.

गिऱ्हाईक नसलं की माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, त्या खुर्चीत येऊन बसायचे. जन्म शेतात गेलेला माणूस. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण गोळीचा अंदाज असा की माझा नवराही त्यांच्यापुढे हरायचा. लहानपणी जत्रेत खिळे ठोकलेल्या फळीवर गोट्या सोडायचा खेळ असायचा, तो ते आठवणीनं सांगायचे. “हा तोच गोयीचा खेळ हाय, फक्त बिजलीवर चालते,” असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरंच आहे! पिनबॉल त्या खिळ्यांच्या फळीतूनच वाढला. गोळी उडवायच्या स्प्रिंगचं पेटंट अमेरिकेत १८७१ मध्ये निघालं आणि खालच्या दांड्या आल्या १९४७ मध्ये. सासूबाई मात्र “जुगार कायले शिकवता पोरीले?” म्हणून करवादायच्या. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून १९७६ पर्यंत पिनबॉलवर जुगार म्हणूनच बंदी होती. पण आमची लेक आपल्या आबाजींच्या मांडीवर बसून गोळीकडे टकामका बघत राहायची. तिचा कॉम्प्युटरशी पहिला संबंध आला तो असा.

पुढे एक्सपीचा जमाना संपला. मी नवा कॉम्प्युटर घेतला आणि मामाजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, “सूनबाई, गोयीचा खेळ कुठं गेला?” मी सगळं धुंडाळलं. नव्हताच तो. खेळासाठी कोण भांडणार? विषय तिथंच राहिला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मामाजींना अर्धांगाचा झटका आला. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. बोलणं आलं, चालणंही काठीनं जमू लागलं, पण डावा हात लुळा राहिला. जन्मभर ज्या हातात बैलांचा कासरा धरला, तो हात मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून असायचा. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी स्पंजचा चेंडू दाबायला दिला होता. मामाजी तो उचलायचेच नाहीत. “लेकरासारखं काय खेळू?” म्हणायचे. कुणी आलं की डावा हात उपरण्याखाली झाकायचे. मैत्रिणींनो, आजारी माणसाचं करणं मला जड गेलं नाही. जड गेलं ते त्यांचं गप्प बसणं.

लेकीच्या डोक्यात खेळ घुसला तो इथं. आधी तिनं तो गेला का, ते शोधून काढलं. मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये ही हकीकत लिहिली होती. हा खेळ मुळात बाहेरच्या एका छोट्या कंपनीनं १९९५ मध्ये केलेला. पुढे ६४ बिटचे कॉम्प्युटर आले, तेव्हा चेन यांच्या चमूनं तो त्यावर चालवून पाहिला, तर गोळी भुतासारखी सगळ्यातून आरपार जायला लागली. स्प्रिंगवर ठेवली तर स्प्रिंगमधूनच खाली! आत लिहिलेलं कुणी समजावून ठेवलेलं नव्हतं आणि दुरुस्तीला वेळ नव्हता. म्हणून खेळच काढून टाकला. केवढी मोठी कंपनी, पण आपल्यासारखंच तिनंही ‘राहू दे’ म्हटलं!

मग २०२१ मध्ये आंद्रे मुझिचेंको नावाच्या एका प्रोग्रामरनं हौसेखातर तो खेळ उसवला. उसवला हा शब्द माझा. मापाचा कागद हरवला आणि जुनं ब्लाउज मात्र अगदी बरोबर बसतं, तेव्हा आपण काय करतो? शिवण हळूच उसवतो, तुकडे कागदावर ठेवतो आणि माप काढून घेतो. त्यांनी तेच केलं. कॉम्प्युटरला कळणाऱ्या आकड्यांमधून माणसाला वाचता येईल असा प्रोग्राम पुन्हा तयार केला आणि सगळ्यांसाठी फुकट खुला ठेवला. गंमत म्हणजे, उसवून शिवलेला खेळ नव्या यंत्रावर पहिल्याच प्रयत्नात चालला. ज्या दोषापायी तो गेला होता, तो त्यांना सापडलाच नाही! फक्त चित्रं आणि आवाज त्यात नाहीत, ते आपल्या जुन्या खेळातून घ्यावे लागतात. आमचा एक्सपीवाला कॉम्प्युटर आतल्या खोलीत जुन्या चादरीखाली होता. लेकीनं धूळ झटकून तो सुरू केला, तर पठ्ठ्या सुरू झाला! त्यातून तिनं खेळाच्या फायली काढल्या. कॉलेजात ती सी प्लस प्लस शिकली होती, पण मार्कांच्या बेरजा करण्यापलीकडे त्याचा उपयोग झाला नव्हता. आता झाला.

पहिल्या दिवशी तिनं सगळी बटणं उजव्या हाताजवळ आणून ठेवली. ती सोय खेळात होतीच. आबाजी एका हातानं खेळले, पोटभर हसले. घरात दिवाळी पुन्हा आली. मी कौतुकानं ही गोष्ट फिजिओथेरपीवाल्या ताईंच्या कानावर घातली, तर त्या म्हणाल्या, “छान केलंत, पण उलटं केलंत.” लुळा हात वापरला नाही की मेंदू त्याला हळूहळू विसरायला लागतो. चांगल्या हातावर भागतंय म्हटलं की तो आणखी मागे पडतो. म्हणून काम द्यायचं ते लुळ्या हातालाच. छोटं, सोपं, पण पुन्हा पुन्हा. आपण मायेपोटी घास भरवतो, बटणं लावून देतो, ताट पुढ्यात सरकवतो. त्यातली किती माया त्या माणसाला अपंग करते, हे मला त्या दिवशी कळलं.

लेकीनं पुन्हा सगळं बदललं. डावी दांडी स्पेसबारवर नेली. ते बटण सगळ्यात लांब, वाकड्या बोटांनीही सापडतं. गोळी सोडायचं काम उजव्या हाताकडे दिलं. पण लुळा हात दाबेपर्यंत गोळी निघून जायची. म्हणजे गोळी हळू हवी. तिनं गोळीचा वेग निम्मा केला, तर गोळी चढावर अर्ध्यातूनच परत फिरायला लागली. दोन दिवस पोरगी हैराण. मीच झोक्याचं उदाहरण दिलं. झोका हळू ढकलला तर तो वर जाणारच नाही. पण तोच झोका सिनेमात मंद करून दाखवला, तर अगदी वरपर्यंत जातो, फक्त सावकाश. लेक टाळी वाजवून उठली. “म्हणजे गोळी नाही, वेळच हळू करायचा!” त्या प्रोग्राममध्ये मागच्या चित्रापासून किती वेळ गेला, ते दर वेळी मोजलं जातं. त्या आकड्यालाच तिनं शंभरातल्या चाळिसावर आणलं. गोळी, उतार, उसळी, सगळं त्याच वाटेनं, पण सावकाश चालू लागलं.

मी तेव्हाच तिला परीक्षेवरून बोलले होते. खरं सांगते, मला तिची काळजी होती आणि थोडा रागही होता. नोकरी लागायच्या वयात ही म्हाताऱ्याचा खेळ घेऊन बसलीये. पण मामाजींनी डावा हात उपरण्याबाहेर काढला आणि उजव्या हातानं उचलून स्पेसबारवर ठेवला, तेव्हा मी तोंड फिरवून चहा टाकायला गेले. स्पंजचा चेंडू दाबताना ज्यांना लाज वाटायची, ते आता “अजून एक डाव” म्हणत होते. पहिल्या आठवड्यात दहा गोळ्यांतली एखादी परतवायचे. हुकली की बोटांनाच शिव्या द्यायचे.

खेळानं हात बरा झाला, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल आणि कुणाला तरी नुकसान करेल. औषधं सुरू आहेत, ताईंचे व्यायामही सुरू आहेत. उलट ते व्यायाम मामाजी आता कुरकुर न करता करतात, कारण हात सुधारला तर गोळी हुकणार नाही, हे त्यांना पटलंय. डाव्या हातानं सदऱ्याचं बटण अजून लागत नाही. पाण्याचा गडू मात्र दोन्ही हातांनी धरतात.

कॉम्प्युटरच्या कडेला लेकीनं एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारखा आणि आकडे. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. आकडा मामाजी स्वतः सांगतात तेव्हाच वाढतो, असा नियम आहे. परवा सत्तर झाला. परीक्षेचं म्हणाल, तर लेक पास झाली. मुलाखतीत तिला विचारलं, स्वतः काय केलंय? तिनं आबाजींचा खेळ दाखवला. नोकरी नागपूरला लागली. ती तिथे गेल्यावर आकडा कोण बदलणार, हा प्रश्न आला. तिनं मला बसवून शिकवलं. फाइल कुठली, ओळ कुठली, बदलून झाल्यावर काय दाबायचं. वीस वर्षं कॉम्प्युटरवर बसते मी, पण त्याच्या पोटात हात घालायची हिंमत कधी केली नव्हती. बिघडेल, ही भीती. बिघडलाही दोनदा. फोनवर विचारत विचारत नीट केला.

आपण भाजीत तिखट जास्त झालं की दाण्याचा कूट घालतो, दिराचा शर्ट कापून पोराला बसवतो. कॉम्प्युटर समोर आला की मात्र ‘जसं दिलंय तसं’ म्हणून गप्प बसतो. तुमच्याही घरात कुणी पोरगा-पोरगी असं काही उघडून बसलेलं दिसलं, तर ओरडायच्या आधी एकदा विचारा, “कुणासाठी करतोस?”

मामाजी हाक मारतायत. काल म्हणत होते, “सूनबाई, आता पंच्याहत्तर कर. लय हळू वाटून राहिलं.” बघते ती ओळ कुठे आहे.