कातळावरची सोनकी

भाद्रपदात सिंहगडाच्या कड्यावर, हरिश्चंद्रगडाच्या उतारावर किंवा साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, पिवळ्याधमक फुलांचे ताटवे दिसले, की ती बहुधा सोनकी असते. फूट-दीड फूट उंचीची, दातेरी पानांची ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली. शास्त्रीय नाव सेनेशिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या ग्रंथांत ती सेनेशिओ ग्रॅहमी म्हणून सापडते.

फूल न तोडता, वाकून भिंगातून पाहावं. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो फुलांचा अख्खा मेळा असतो. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र मादीफूल. मधल्या चकतीत बारीक नळ्यांसारखी द्विलिंगी फुलं खचाखच बसलेली. ती कडेकडून मध्याकडे उमलत जातात. परागण झालं की एकेका फुलाचं एकेक बारीक, एकबीजी फळ होतं. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुबका असतो आणि त्यावर ते वाऱ्याने उडतं.

एवढ्याशा रोपाला इतक्या बिया कशाला, हे पायाखालचा कातळ सांगतो. कास सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. खाली बेसॉल्ट, वर जांभ्याचं कवच आणि त्यावर बऱ्याच जागी जेमतेम बोटभर माती. पावसाळ्यात ती चिंब होते, अन्नद्रव्यं वाहून जातात. दिवाळी सरली की ती ठणठणीत कोरडी पडते. मोठ्या झाडाला तिथे मूळ धरता येत नाही. काही वनस्पती जमिनीत कंद राखून उन्हाळा काढतात. सोनकीकडे तीही सोय नाही. ती वर्षायू: पावसाबरोबर रुजते, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास फुलते, बी सोडते आणि वाळून जाते. पुढच्या वर्षाची सगळी भिस्त त्या बियांवर.

म्हणूनच फोटोसाठी फुलांत बसकण मारणारा माणूस केवळ यंदाचा बहर मोडत नाही. २०१२मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचा समावेश झाला आणि गर्दी वाढली. मग दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा आली, कुंपणही आलं. पण कुंपणामुळे गुरांची चराई थांबून गवत माजलं, अशी तक्रार उठली. माणसांना अडवायचं आणि गुरांना किती येऊ द्यायचं, हा हिशेब सोपा नव्हता.

कासचा निदान असा विचार तरी होतो. बाकीच्या सड्यांची गणना सरकारदरबारी पडीक जमिनीत होत आली आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, असं लिहिलं, की पवनचक्क्यांचा रस्ता असो वा बॉक्साइटची खाण, कुणाला काही गमावल्यासारखं वाटत नाही. हौसेने केलेलं वृक्षारोपणही इथे घातकच. खड्डे खणून बाहेरची माती ओतली, की सड्याचा स्वभावच बदलतो. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी सडा ही स्वतंत्र परिसंस्था असल्याचं सातत्याने मांडलं आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यामुळे गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत सड्याची आणि त्यावरच्या फुलांची नोंद करता येते. पोटखराब्याला उत्तर द्यायचं, तर ते तिथे लिहून ठेवायला हवं.