नदीची ओटी

"धर्माचा अभ्यास? म्हणजे कीर्तनकार होणार की काय ही?" लेकीनं विद्यापीठात हा विषय घेतल्याचं कळलं तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं. खरं सांगते, मलाही नीटसं उमगलं नव्हतं. मनात धाकधूक वेगळीच. देवाधर्माची चिरफाड शिकून पोरगी देवच मानेनाशी झाली तर?

दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊनच आली. म्हणाली, "आई, तिथं पूजा शिकवत नाहीत आणि देव आहे की नाही हेही ठरवत नाहीत. माणसं काय करतात, का करतात, कोणाला करू देत नाहीत, ते बघायचं, ऐकायचं, लिहायचं."

तिच्याकडे अ‍ॅन फेल्डहाउस यांचं पुस्तक होतं. या बाई अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात हाच विषय शिकवत. मराठी शिकून त्यांनी महानुभावांचे ग्रंथ इंग्रजीत नेले आणि १९९५ साली महाराष्ट्रातल्या नद्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. नदीची ओटी, नदीला नेसवलेली साडी, साती आसरा, सगळं त्यात आहे. आपल्याकडे नदी म्हणजे आई, सवाशीण. तिच्याशी जोडलेलं असतं ते धनधान्य, मुलंबाळं, आरोग्य, असं त्या दाखवून देतात. मी थक्कच झाले. आपण पिढ्यान् पिढ्या सहज करत आलो, ते कोणी इतकं निरखून पाहिलं!

मग लेक सासूबाईंपुढे बसली. "आजी, तू कृष्णामाईची ओटी कशी भरायचीस?"

सासूबाई खुलल्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी... घाटाची कितवी पायरी, तेसुद्धा सांगितलं.

"मग आता का नाही भरत?"

घरात एकदम शांतता. मला वाटलं, पोरीनं नको ते विचारलं. मामंजींना जाऊन अठरा वर्षं झाली. उत्सवात आम्ही सगळ्या नटूनथटून घाटावर जातो, सासूबाई घरी वाती वळत बसतात. रीतच ती, म्हणून मी कधी विचारलंच नाही.

"इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "लिही. आणि तुझ्या बाईंना विचार, नदीला कधी वैधव्य येतं का? ती सगळ्यांचीच आई ना? मग आईची ओटी भरायला माझं कपाळ कशाला बघायचं?"

लेकीनं शब्द न् शब्द उतरवून घेतला. मी मात्र पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेले.

अभ्यासानं घरातला देव जाईल, अशी मला भीती होती. देव आहे तिथंच आहे. पण सासूबाईंना मागे ठेवून घाटावर जाणं आता माझ्यानं होणार नाही. या उत्सवाला ताटात दोन नारळ घेणार आहे. त्या येतील की नाही, ठाऊक नाही. लोक बोलतील, ते बोलू देत.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कोणीतरी वाती वळत बसलेलं असेल. एकदा जवळ बसून विचारून तर बघा.