न वितळलेलं लोखंड

मंडला-दिंडोरीकडच्या अगरियांची मातीची भट्टी घेऊ. ते लोखंड वितळवायचे, असं आपण सहज म्हणतो. नाही! शुद्ध लोखंड वितळतं १५३८ अंश सेल्सिअसला. तेवढी धग तिथं नसते. मग होतं काय? लोणारी कोळसा खनिज तापवतो, आणि त्याच्यापासून निघणारा वायू खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. मळी वितळून वाहते, लोखंडाचा सच्छिद्र गोळा मागं राहतो. तो घणानं ठोकून उरलेली मळी काढायची. चामड्याचे भाते पायांनी, न थांबता चालवायचे. वारा मंदावला की धग गेली. कोळसा कधी, किती टाकायचा, हे ठरवणं म्हणजे विचारच. त्याला 'नुसतं कौशल्य' म्हणणं आम्हांला मान्य नाही. व्हेरिअर एल्विन यांचा अगरियांवरचा ग्रंथ १९४२चा. तोवर भट्टीवरचा कर आणि जंगलाचे कायदे यांनी कित्येक भट्ट्या विझवल्या होत्या.